‘पॅकेजचे सोवळे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शायनीचे ॲप आर पॅकेजच्या रूपात लिहा, असे सुचवले की एक ठरलेले उत्तर मिळते. पॅकेज क्रॅनवर टाकायचे असते, जगाला वापरायला द्यायचे असते. आमचे ॲप आमच्या विभागातली पाच-दहा माणसे उघडणार. त्यासाठी डिस्क्रिप्शन फाइल, नेमस्पेस, मदतीच्या पानांचा फोल्डर, तपासणीचे अहवाल हे सगळे सोवळे कशाला पाळायचे? एक ॲप.आर फाइल लिहावी, ‘रन ॲप’ दाबावे, पडद्यावर हवे ते दिसले की काम झाले. शिवाय पॅकेज केले की एक ओळ बदलली तरी ते पुन्हा इन्स्टॉल करत बसावे लागते. आणि फाइल फार लांबली तर तुकडे करून ‘आर’ नावाच्या फोल्डरात ठेवता येतातच. शायनी ते आपोआप उचलते, मग पॅकेज कशाला?

असे म्हणणारे आळशी नाहीत, हे आधीच मान्य करतो. त्यांतले बरेच जण संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, शेती, साथरोग अशा क्षेत्रांतले. त्यांच्या हाती एक उत्तर असते आणि ते दुसऱ्याला दाखवायचे असते, एवढ्यासाठी त्यांना ॲप हवे असते. आर ही भाषा घडली तीच अशा माणसांसाठी. 1976मध्ये बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एस भाषेचे काम सुरू केले, कारण प्रत्येक विश्लेषणासाठी फोरट्रानचे तुकडे हाताने जोडत बसायला ते कंटाळले होते. नव्वदच्या दशकात ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी त्याच धाटणीवर आर उभारली. 2012मध्ये आरस्टुडिओ कंपनीतून, म्हणजे आजच्या पॉझिटमधून, जो चेंग यांनी शायनी आणले तेव्हाही वचन तेच होते: एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट न शिकता तुमचे विश्लेषण वेबवर न्या. आकडेमोड करणारा माणूस या वाटेने हळूहळू प्रोग्रामर होतो आणि त्याला ते कळतही नाही. आरची ही ताकद आहे. माझे भांडण त्या न कळण्याशी आहे. तीनशे ओळींचे ॲप तीन हजार ओळींचे कधी झाले, हे कुणी येऊन सांगत नाही.

गंमत म्हणजे पॅकेजची बाजू घेणारेही विरोधकांच्याच गृहीतकावर उभे आहेत. थिंकआर या फ्रेंच कंपनीतल्या मंडळींनी केलेले, शायनी ॲप पॅकेजच्या रूपात बांधून देणारे गोलेम 2019मध्ये क्रॅनवर आले. 2021मध्ये त्याच चमूचे पुस्तक आले, आणि त्याच्या नावातच ‘प्रॉडक्शन-ग्रेड’ हा शब्द होता. पुस्तक उत्तम आहे, मी ते अनेकांना सुचवतो. पण त्या शब्दाने एक घोटाळा केला. ऐकणाऱ्याला वाटते, ही मोठ्या सर्व्हरवर चढणाऱ्या, हजारो लोक वापरणार अशा ॲपची गोष्ट आहे, आपले ॲप तिथवर जाणार नाही, सबब हे आपल्यासाठी नाही. विरोधक म्हणतात, पॅकेज ही शेवटची पायरी आहे आणि आम्हाला तिची गरज नाही. समर्थक म्हणतात, शेवटची पायरी आहे आणि ती महत्त्वाची आहे. पायरी शेवटची आहे यावर मात्र दोघांचेही एकमत! मला तेच अमान्य आहे. पॅकेजचा खरा लाभ रोजच्या कामात होतो. ॲप आयुष्यात कधी कुठल्या सर्व्हरवर चढले नाही, तरी ते लिहिणाऱ्याचा सोमवार ते शुक्रवार त्याने हलका होतो.

आधी इन्स्टॉलचा आक्षेप निकालात काढू, कारण तो सरळसरळ चुकीचा आहे. पॅकेजवर काम करताना प्रत्येक बदलानंतर ते इन्स्टॉल करावे लागत नाही. डेव्हटूल्समधले लोड-ऑल हे फंक्शन, आरस्टुडिओत कंट्रोल-शिफ्ट-एल, पॅकेजची सगळी फंक्शने इन्स्टॉल न करता चालू सत्रात आणून ठेवते. मध्यम आकाराच्या ॲपला त्यासाठी सेकंद-दोन सेकंद लागतात. कंट्रोल-शिफ्ट-टी दाबले की टेस्ट चालतात, कंट्रोल-शिफ्ट-डी दाबले की रॉक्सिजन नेमस्पेसची फाइल लिहून देते. ती फाइल हाताने लिहायची नसते, तिच्याकडे पाहायचीही गरज पडत नाही. गोलेम वापरत असाल तर डेव्ह फोल्डरातली रन-डेव्ह ही छोटी फाइल हे सगळे एका झटक्यात करते: जोडलेली जुनी पॅकेजे सोडवते, नेमस्पेस ताजी करते, सगळे पुन्हा लोड करते आणि ॲप नव्या पोर्टवर उघडते. पोर्ट दरवेळी नवा असल्यामुळे ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी सीएसएस मध्ये लुडबुड करत नाही. ‘रन ॲप’ दाबण्यापेक्षा यात जास्तीचे कष्ट कुठे आहेत, हे मला आजवर कुणी दाखवून दिलेले नाही.

आता ॲप.आरवाल्याचा दिवस पाहू. एका तक्त्यातला आकडा चुकतो आहे. तो आकडा रेंडर-टेबलच्या पोटात, आणखी दोन रिॲक्टिव्हच्या आत तयार होतो. कन्सोलवर त्याला हाक मारता येत नाही, कारण त्याला स्वतःचे नाव नाही. मग ॲप सुरू करायचे, फाइल चढवायची, जिल्हा निवडायचा, तिसऱ्या टॅबवर जायचे, आकडा पाहायचा. चुकला? ॲप थांबवायचे, एक ओळ बदलायची, पुन्हा तीच सगळी यात्रा. संध्याकाळी आकडा बरोबर येतो. दुसऱ्या दिवशी संगणक नव्याने सुरू केल्यावर तेच ॲप उघडत नाही, कारण आदल्या दिवशी कन्सोलवर सहज बनवलेला एक डेटाफ्रेम ग्लोबल एन्व्हायर्नमेंटमध्ये पडून होता आणि ॲप गुपचूप त्याच्यावर चालले होते. शायनीवर काम केलेल्या ज्याला हे ओळखीचे वाटणार नाही, त्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल.

एक उदाहरण नीट सोडवून पाहू, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. समजा, ॲप पावसाचे आहे. भारतीय हवामान खाते पावसाची सरासरीपासूनची टक्केवारी काढून तिचे वर्ग पाडते. उणे 19 ते अधिक 19 टक्के म्हणजे सामान्य. उणे 20 ते उणे 59 तूट, उणे 60 ते उणे 99 मोठी तूट. वरच्या बाजूला 20 ते 59 अधिक, आणि 60 किंवा त्यापुढे फार अधिक. उणे 100 म्हणजे पाऊसच नाही. कोकण आणि गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ या चार हवामान उपविभागांतले जिल्हे घ्यायचे, प्रत्येकाचा वर्ग ठरवायचा आणि नकाशा रंगवायचा. काम सोपे दिसते. आरमध्ये यासाठी कट नावाचे फंक्शन आहे. त्याला उणे 60, उणे 20, 20 आणि 60 असे टप्पे दिले की झाले, असे कुणालाही वाटेल.

होत नाही. कट मुळात प्रत्येक टप्प्याचा उजवा काठ आत धरते आणि डावा बाहेर ठेवते. त्यामुळे उणे 20 बरोबर तुटीत पडते, पण अधिक 20 हे ‘सामान्य’मध्ये जाते, आणि अधिक 60 हे ‘फार अधिक’ऐवजी नुसत्या ‘अधिक’मध्ये. चूक लक्षात आली म्हणून काठाचा नियम उलटा केला, तर वरची बाजू सुधारते आणि खालची बिघडते. आता उणे 20 टक्के पाऊस झालेला जिल्हा सामान्य ठरतो. म्हणजे तूट असलेल्या जिल्ह्यावर हिरवा रंग. शिवाय उणे 19.6 कुठे बसवायचे? वर्ग पूर्णांकांत दिलेले आहेत, म्हणून आधी पूर्णांक करावा लागतो, आणि मग टप्पे साडेएकोणीस, साडेएकोणसाठ असे मधोमध ठेवावे लागतात. उणे 100 वेगळे काढावे लागते. आणि ज्या आठवड्याची सरासरीच शून्य आहे आणि पाऊसही शून्य, तिथे शून्य भागिले शून्य होऊन आर एनएएन हे उत्तर देते. त्या जिल्ह्याला कुठला रंग?

हे सगळे प्रश्न पडद्यावर क्लिक करून कधी दिसणार? ज्या दिवशी एखाद्या जिल्ह्याची टक्केवारी नेमकी 20 येईल त्या दिवशी, आणि तेही पाहणाऱ्याला वर्गांचे काठ पाठ असतील तर. पॅकेजमध्ये हेच गणित एका स्वतंत्र फंक्शनात जाते, त्याला नाव मिळते, आणि टेस्टदॅटच्या फाइलीत आठ-दहा ओळी लिहिल्या जातात: उणे 20 दिले तर तूट, उणे 19 दिले तर सामान्य, 20 दिले तर अधिक, 60 दिले तर फार अधिक, एनएएन दिले तर ‘माहिती नाही’. कंट्रोल-शिफ्ट-टी. ॲप उघडावेच लागत नाही. उद्या कुणी ‘जरा सुटसुटीत करू’ म्हणून ते फंक्शन पुन्हा लिहिले आणि काठ हलला, तर त्याच क्षणी लाल ओळ दिसते. शायनीच्या 1.5.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2020पासून, टेस्ट-सर्व्हर हे साधनही आहे. त्याने ब्राउझर न उघडता मॉड्यूलला इनपुट देऊन आतले रिॲक्टिव्ह तपासता येतात. पण माझ्या मते ॲपमधली निम्मी डोकेदुखी त्याच्याही आधी, साध्या फंक्शनांच्या टेस्टमध्येच संपते.

यावर विरोधकांचा प्रतिप्रश्न रास्त असतो: स्वतंत्र फंक्शने लिहा, टेस्ट लिहा, हे ठीक, पण त्यासाठी पॅकेजच का? त्याच 1.5.0 आवृत्तीपासून शायनी ‘आर’ फोल्डरातल्या फाइली आपोआप उचलते ना? उचलते. फंक्शने वेगळी करण्याची सवय त्याने लागत असेल तर आनंदच आहे. पण ती सोय ॲप चालू होते तेव्हाची आहे. टेस्ट कुठे ठेवायच्या, त्या कशा चालवायच्या, कुठली पॅकेजे लागतात, नमुन्याची माहिती कुठे असावी, मदतीचे पान कुठे, यांतल्या कशाचेच उत्तर ती देत नाही. मग प्रत्येक जण स्वतःची मांडणी करतो. कुणी टेस्ट फोल्डर करतो, कुणी चाचणी नावाची फाइल, कुणी सगळ्यात वर लायब्ररीच्या वीस ओळी. आर जगतात या सगळ्याची एक मांडणी गेली दोन दशके ठरलेली आहे आणि आजूबाजूची सगळी साधने तिच्यावर बेतलेली आहेत. तिचे नाव पॅकेज. शायनीच्या आपोआप उचलण्याची तिच्याशी टक्कर होते, म्हणून गोलेम त्या फोल्डरात ही सोय बंद करणारी एक रिकामीशी फाइल ठेवते. ती पाहून पुष्कळांना वाटते की ही चुकून राहिली असावी. कृपया ती पुसू नका.

वर उल्लेखलेल्या लायब्ररीच्या वीस ओळींबद्दल थोडे बोलायला हवे. डीप्लायरमध्ये फिल्टर आहे, आणि आरच्या सोबत येणाऱ्या स्टॅट्समध्येही फिल्टर आहे. दुसरा काळाच्या मालिकांवर काम करतो, त्याचा ओळी गाळण्याशी काही संबंध नाही. डीप्लायर लोड करायचे राहून गेले, तर आर ‘फंक्शन सापडले नाही’ असे सांगत नाही. ते इमानदारीने स्टॅट्समधल्या फिल्टरला बोलावते आणि ‘अमुक नावाचे ऑब्जेक्ट नाही’ अशी तक्रार करते. स्तंभ तर समोर दिसतो आहे, मग नाही कसा, म्हणून नवखा माणूस तासभर डेटा तपासत बसतो. स्वतःच्या संगणकावर हे घडत नाही, कारण सकाळी कधीतरी डीप्लायर लोड केलेले असते. दुसऱ्याच्या संगणकावर नेमके घडते. पॅकेजमध्ये प्रत्येक परके फंक्शन कुठून आले हे सांगावे लागते, पॅकेजच्या नावापुढे दोन अपूर्णविराम देऊन किंवा रॉक्सिजनच्या एका ओळीने. सांगायला विसरलात तर आर सीएमडी चेक तुम्हाला आठवण करते. याला कागदी घोडे म्हणणाऱ्यांनी तो एक तास कुणाच्या खात्यावर टाकायचा ते सांगावे.

इथे पॅकेजवाल्यांच्या एका अतिशयोक्तीलाही टाचणी लावतो. डिस्क्रिप्शन फाइल भरली म्हणजे ॲप कायमचे सुरक्षित झाले, असे नाही. त्या फाइलीत सहसा ‘किमान अमुक आवृत्ती’ एवढेच म्हटले जाते. नेमकी आवृत्ती तिथे बांधली जात नाही. 2020मध्ये आर 4.0.0 आले आणि स्ट्रिंग्ज-ॲज-फॅक्टर्सचे मूळ मूल्य बदलले. वर्षानुवर्षे चाललेल्या कित्येक स्क्रिप्टांचे वागणे त्या दिवसापासून बदलले. अशा प्रसंगी रेनव्हसारखे साधन हवे, जे नेमक्या आवृत्त्यांची नोंद ठेवते. पॅकेज आणि रेनव्ह ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एक केले की दुसरे झाले असे समजणारे दोन्ही गोटांत आहेत.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा ते स्वतः फारसा मांडत नाहीत, म्हणून तो मीच मांडतो. पॅकेजमुळे काही चुका नव्याने जन्माला येतात. ॲप.आरमध्ये सर्वांत वर ‘आज’ नावाच्या चलात सिस्टिमची तारीख घेतली, तर ॲप सुरू होताना ती ओळ चालते. पॅकेजमध्ये फंक्शनाच्या बाहेर लिहिलेली ओळ पॅकेज इन्स्टॉल होताना एकदाच चालते आणि तिचे उत्तर गोठवून ठेवले जाते. म्हणजे सर्व्हरवर जूनमध्ये इन्स्टॉल केलेले ॲप ऑगस्टमध्येही जूनचीच तारीख दाखवत राहते. पर्यावरण चलातून वाचलेला पासवर्ड असाच गोठतो, आणि डेटाबेसचे कनेक्शन तिथे उघडून ठेवले असेल तर ते मेलेले कनेक्शन हाती येते. पंचाईत अशी की लोड-ऑल दरवेळी सगळा कोड नव्याने चालवते, त्यामुळे लिहिणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही. ज्या साधनाची मी वर एवढी तारीफ केली, तेच इथे डोळ्यांवर पट्टी बांधते.

पण यातून पॅकेज नको असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की काम चालवण्याचा क्रम नीट हवा. दिवसभर लोड-ऑल, आणि संध्याकाळी कोड पुढे पाठवण्याआधी एकदा खरोखर इन्स्टॉल करून, आर पुन्हा सुरू करून, इन्स्टॉल झालेल्या पॅकेजमधून ॲप चालवायचे. सोबत कंट्रोल-शिफ्ट-ई दाबून पूर्ण चेक. त्याला काही मिनिटे लागतात, चहा होतो. आणि नियम एकच लक्षात ठेवायचा: जे बदलू शकते ते फंक्शनाच्या आत. यूआयसुद्धा फंक्शनच असावे. गोलेम ते तसेच बनवून देते. शिवाय ॲप.आरमध्येसुद्धा ‘आज’ वर लिहिणे चूकच होते. सर्व्हरवर एक आर प्रक्रिया आठवडाभर चालू राहिली, तर तिथलीही तारीख आठवडाभर शिळीच राहते. पॅकेजने ती चूक दोन महिन्यांची केली, म्हणून निदान लवकर पकडली जाते.

आता खास आपला, मराठीत ॲप करणाऱ्यांचा मुद्दा. पॅकेजच्या आर कोडमध्ये देवनागरी अक्षरे लिहिली की चेक इशारा देते: कोडमध्ये फक्त आस्की अक्षरे ठेवा, बाकीची युनिकोड क्रमांकांत लिहा. बटणावर ‘जिल्हा निवडा’ असे लिहायचे असेल तर प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा क्रमांकात? हे ऐकून मराठी माणूस चिडणार आणि ॲप.आरकडे परतणार, तर त्याला दोष देता येणार नाही. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा जाच माहीतही नसतो. पण थोडे थांबून पाहा. विंडोजवर आर 4.2.0 येईपर्यंत, म्हणजे 2022पर्यंत, आरचे मूळ एन्कोडिंग यूटीएफ-8 नव्हते. कोडमधल्या देवनागरीच्या जागी कोनी कंसांतले युनिकोड क्रमांक छापले गेलेले कित्येकांनी पाहिले असतील. जुन्या कार्यालयीन संगणकांवर जुनी आर अजूनही असू शकते. यावर चांगला उपाय म्हणजे पडद्यावरचा सगळा मजकूर कोडमधून बाहेर काढायचा, पॅकेजच्या इन्स्ट फोल्डरात यूटीएफ-8 सीएसव्ही ठेवायची, एका स्तंभात खूण, दुसऱ्यात मराठी, हवे तर तिसऱ्यात कोंकणी किंवा इंग्रजी. सिस्टिम-फाइल फंक्शनाने ती वाचायची. लोड-ऑल चालू असतानाही ते फंक्शन बरोबर जागा शोधते. चेकचा इशारा जातो, आणि ‘तूट’ऐवजी ‘तुटीचा पाऊस’ लिहा असा निरोप साहेबांकडून आला, तर आर न येणारी व्यक्तीही ती सीएसव्ही उघडून बदल करू शकते. म्हणजे चेकच्या त्या चिडवणाऱ्या इशाऱ्याने आपल्याला जे करायला लावले, ते मराठी ॲपला तसेही हवेच होते.

याउलट, विचार करून पॅकेज नाकारणारेही आहेत, आणि त्यांचा मी आदर करतो. पोलंडच्या ॲप्सिलॉन कंपनीने 2022मध्ये आणलेले ऱ्हायनो हे साधन ॲपला पॅकेज करत नाही. त्याऐवजी बॉक्स मॉड्यूल वापरते, आणि रेनव्ह, टेस्टदॅट, लिंटर, सायप्रसच्या ब्राउझर टेस्ट हे सगळे पहिल्या दिवसापासून मांडून देते. पॅकेजच्या आर फोल्डरात उपफोल्डर चालत नाहीत, म्हणून आपल्याला मॉड, एफसीटी, यूटिल्स असे उपसर्ग लावत बसावे लागते. ऱ्हायनोत ही कुरूपता नाही. माझी अडचण एवढीच, की बॉक्सची स्वतःची आयातपद्धत आहे आणि ती येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला वेगळी शिकवावी लागते, तर पॅकेजची मांडणी आर जाणणाऱ्या कुणालाही ओळखीची असते. पण लक्षात घ्या, ऱ्हायनोवाले ‘एक फाइल पुरे’ म्हणत नाहीत. त्यांचे आणि माझे भांडण डबा कोणता यावर आहे. एकाच फाइलीचे समर्थन करताना त्यांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांचे काम एकदा उघडून पाहावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत गोड आहे: आधी चालू तर होऊ द्या, मग करू पॅकेज. हे ‘मग’ उगवत नाही, कारण दर महिन्याला त्याची किंमत वाढते. पहिल्या दिवशी पॅकेज करायला यूजधिसची एक ओळ किंवा गोलेमची एक ओळ लागते. सहा महिन्यांनी तेच करायला बसलात, की डेटा फोल्डरातला प्रत्येक पाथ बदलायचा, ग्लोबल.आरमध्ये जमलेल्या गोष्टी उकलायच्या, लायब्ररीच्या ओळी एकेक करून आयातीत न्यायच्या, फंक्शनाबाहेर उघडलेली कनेक्शने आत ढकलायची, आणि हे सगळे अशा ॲपवर, ज्याला एकही टेस्ट नाही, म्हणजे काही मोडले की नाही हे सांगणारे कुणी नाही. हे काम कुणीच मंजूर करत नाही, कारण त्यातून पडद्यावर नवे काहीच दिसत नाही. संशोधन प्रकल्पांवरची मुले करारावर येतात आणि करार संपला की जातात. ॲप मागे राहते, आणि नव्या मुलाच्या हाती पडते ती एक झिप फाइल. त्याला ‘मग करू’ म्हणणारा माणूस तेव्हा फोनवरही मिळत नाही.

प्रत्येक शायनी ॲप पॅकेज असावे असे मी म्हणत नाही. वर्गात रिॲक्टिव्ह समजावून सांगण्यासाठी केलेले वीस ओळींचे ॲप फाइलीतच शोभते. एका दुपारी, एका बैठकीसाठी केलेला आलेख फेकून द्यायचा असेल तर खुशाल फेकावा. नुसता अहवाल असेल तर क्वार्टोची कागदपत्रे बरी, शायनी कशाला? पण ज्या ॲपमध्ये एक तरी आकडा असा आहे की तो चुकला तर कुणाचा निर्णय चुकेल, आणि जे पुढच्या महिन्यात पुन्हा उघडले जाणार आहे, ते पॅकेज असायला हवे. आणि गोलेमशिवायही ते करता येते. यूजधिसने बनवलेले साधे पॅकेज आणि त्यात ॲप चालवणारे एक फंक्शन, एवढ्यावर भागते. गोलेम वापरणाऱ्यांना मात्र एक तक्रारवजा विनंती. डेव्ह फोल्डरात तीन क्रमांकित फाइली असतात: सुरुवात, रोजचे काम, आणि चढवणे. बहुतेक लोक पहिली एकदा चालवतात, तिसरी शेवटी घाईत चालवतात, आणि मधली उघडतही नाहीत. मॉड्यूल जोडणे, फंक्शनाची फाइल करणे, टेस्ट जोडणे, नवे अवलंबित्व नोंदवणे हे सगळे त्या मधल्या फाइलीत आहे. ती रोज उघडी असली पाहिजे.

तरीही पटले नसेल, तर वाद घालण्यापूर्वी एवढे करा. तुमच्या चालू ॲपमधले एक गणित निवडा, ज्याच्याबद्दल मनात थोडी शंका आहे असे. एक रिकामे पॅकेज बनवा, ते गणित एका फंक्शनात उचलून ठेवा, आणि त्याच्या काठांवरचे पाच आकडे घेऊन टेस्ट लिहा. ॲपला अजिबात हात लावू नका. पाचही टेस्ट पहिल्याच फटक्यात हिरव्या आल्या, तर तुमची एक फाइल तुम्हाला लखलाभ.